शाळा बंद झाली, झेंडा कुठे लावायचा? दक्षिण रायगडातल्या एका गावाचं प्रकरण

पट कमी झाला म्हणून जिल्हा परिषदेची शाळा बंद होते, तेव्हा चर्चा होते ती मुलांना किती लांब जावं लागेल याची आणि शिक्षकांच्या समायोजनाची. शाळेसमोरच्या झेंड्याच्या खांबाचं काय, हे कोणी विचारत नाही. आमच्या गावाने ते विचारलं. ज्यांची शाळा आज पाच-सात मुलांवर टिकून आहे अशा गावांना उपयोग व्हावा म्हणून हे प्रकरण मांडतो आहे. गावाचं नाव दिलेलं नाही आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी इथलाच, निवृत्त शिक्षक. बैठकांना होतो, टिपणं माझ्याकडे आहेत.

पार्श्वभूमी

खाडीच्या मुखाशी चार वस्त्या आहेत: कोळीवाडा, आगरवाडी, बौद्धवाडी आणि मोहल्ला. ग्रामपंचायत खाडीपलीकडच्या मोठ्या गावात. रस्त्याने गेलं तर लांबचा वळसा, सांकवावरून, म्हणजे खाडीवरच्या लहानशा पुलावरून, गेलं तर जवळ. पण उधाणाच्या भरतीला सांकवाकडे जाणारी पायवाट पाण्याखाली जाते. चारी वस्त्यांच्या मधोमध शाळा: जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी आणि अंगणात झेंड्याचा चौथरा.

हा पट्टा जंजिरा संस्थानात होता. संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं आणि हा भाग तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात आला. त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ ची इथली आठवण पाठ्यपुस्तकातल्यासारखी नाही. जुनी माणसं त्या वर्षाचं बोलू लागली की आधी रामदास बोटीचं बोलतात. १७ जुलै १९४७ ला, आषाढी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य आलं तेव्हा या किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत सुतक नुकतं फिटलं होतं. स्वातंत्र्याने काय दिलं असं विचारलं तर हीच माणसं खोताचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचं, नाव काढतात. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, अलिबागजवळच्या चरीचा शेतकरी संप १९३३ पासून सहा वर्षं चालला, आणि खोती रद्द करणारा कायदा झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली. आगरवाडीतल्या एका आजोबांनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं: "खोताच्या अंगणात चप्पल काढून उभं राहायचं बंद झालं, तो आमचा पंधरा ऑगस्ट."

पुढचं सगळं प्रकरण समजायला आणखी एक गोष्ट माहीत हवी. कोकणातल्या गावात मान जन्माने ठरतो. पालखीला पहिला खांदा कोणाचा, होळीला पहिला नारळ कोणाचा, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ कोणी वाहायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं आणि त्यावरून कोर्टकज्जेही होतात. शाळेच्या झेंड्याला असा वंशपरंपरेचा मान नव्हता. गुरुजी ठरवतील त्याने दोरी ओढायची. कधी पोस्टमन, कधी दाई, कधी चौथीत पहिली आलेल्या मुलीची आई. चारी वस्त्यांची माणसं वर्षातून दोनदा एका अंगणात उभी राहत ती इथेच, आणि कोणी कुठे उभं राहायचं ते उंचीवरून ठरे.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात शाळेची अर्धी कौलं उडाली आणि लोखंडी खांब वाकला. करोनाचे दिवस होते, मुलं घरीच. तरीही त्या १५ ऑगस्टला वादळात पडलेल्या एका पोफळीचं खोड चौथऱ्यात रोवून झेंडा लागला होता. नंतर लोकवर्गणीतून नवा पाइप बसला.

अडचण

जून २०२३ मध्ये पट शून्य झाला. आदल्या वर्षी तीन मुलं होती. दोघं पाचवीला मोठ्या गावच्या शाळेत गेली, तिसऱ्याला पालकांनी तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. शिक्षकांची बदली झाली. पोषण आहार शिजवणाऱ्या काकींचं काम गेलं. शाळेचं कपाट, बाकं, वजनकाटा सगळं समायोजनाच्या शाळेत हलवलं. झेंडा डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, नोंदलेला होता, म्हणून तोही कपाटासकट गेला. कुलूप लागलं.

जुलैच्या शेवटी मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावर जाळी विणता विणता एकाने विचारलं, "औंदा झेंडा कुठं लावायचा?" उत्तर कोणाकडेच नव्हतं.

चौकशी केली तेव्हा कार्यालयातून सरळ उत्तर आलं: शाळा नाही, म्हणजे शाळेचं ध्वजारोहण नाही. मुलांनी नव्या शाळेत जावं, ग्रामस्थांनी ग्रामपंचायतीत यावं. नियमाला धरून यात चूक काहीच नव्हती. पण सांकवापलीकडे सकाळी सातला जाणार कोण? म्हातारी माणसं जाणार नव्हती. मासे घेऊन बाजाराला जाणाऱ्या बायका जाणार नव्हत्या. ज्यांच्या घरात शाळेचं मूल नाही ती घरं जाणार नव्हती, आणि आता अशीच घरं जास्त आहेत. दोन-तीन वर्षांत १५ ऑगस्ट म्हणजे सुट्टी एवढंच इथे उरलं असतं.

मला स्वतःला ही तक्रार किरकोळ वाटली नाही. शाळा गेली तेव्हा लोक गप्प राहिले, कारण मुलं नाहीत हे खरं होतं. झेंड्याच्या बाबतीत मात्र माणसं होती आणि जागाच जात होती.

समोर आलेले पर्याय

पहिला, सगळ्यांनी ग्रामपंचायतीत जायचं. त्यासाठी टेम्पोची सोय करायची. दुसरा, ग्रामदेवतेच्या आवारात झेंडा लावायचा. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने फोनवरून याला लगेच पाठिंबा दिला. स्पीकर, मांडव आणि जिलेबीचा खर्च मंडळ करणार होतं. तिसरा, मच्छीमार सोसायटीच्या गोदामासमोर. चौथा, बंद शाळेतच. आणि एकाचं म्हणणं होतं की 'हर घर तिरंगा' आहेच, प्रत्येकाने आपापल्या दारात लावावा, एकत्र यायची गरज काय?

या शेवटच्या म्हणण्याला एका मासेविक्रेत्या वहिनींनी तिथेच उत्तर दिलं. "दारावर लावलाय की गेल्या साली. पण दारावरच्या झेंड्याला सलाम करताना शेजारी कोण असतं?" तो पर्याय तिथेच संपला.

ग्रामपंचायतीचा पर्याय कोणी नाकारला नाही, पण तो अंगावर घेणारंही कोणी नव्हतं. सोसायटीचं गोदाम म्हणजे कोळ्यांचा कार्यक्रम, असं आगरवाडीला वाटलं. खरी चुरस देऊळ आणि शाळा यांच्यात झाली.

जागेचा निर्णय

देवळाची बाजू भक्कम होती. पत्र्याची शेड, वीज, पाणी, पैसे, सगळं तयार. ऑगस्टातला पाऊस बघता शेड ही छोटी गोष्ट नव्हे. शाळेत वीज तोडलेली, अंगणात गुडघाभर गवत, किल्ली दुसऱ्याकडे. बैठक देवळाकडे झुकली होती.

तेव्हा बौद्धवाडीतली नर्सिंग शिकणारी एक मुलगी उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. ती म्हणाली, "देवळाच्या आवारात आम्ही येऊ. कोणी अडवणार नाही, तेही माहीत आहे. पण तिथे कोणी कुठे उभं राहायचं हे आमच्या जन्माआधीच ठरलंय. शाळेत ते ठरलेलं नव्हतं." मोहल्ल्यातले दोघं चाचा कोपऱ्यात बसले होते, त्यांनी फक्त मान हलवली.

बैठकीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ध्वजसंहितेचा मुद्दा निघाला आणि तो मीच वाचून दाखवला. तिरंग्यापेक्षा उंच, किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा ध्वज वा पताका असू नये. देवळाच्या शिखरावर भगवी पताका आहे आणि ती उतरवा असं कोणी म्हणणार नव्हतं, म्हणूही नये. देवस्थानच्या वयस्कर विश्वस्तांनी यावर स्वतःच सांगितलं, "मग शाळेतच करा. गवत आमची पोरं काढतील."

हा प्रकरणातला पहिला मोठा वळणबिंदू. संहितेमुळे कोणालाही माघार घेतल्यासारखं वाटलं नाही, म्हणून निर्णय तासाभरात झाला. किंमतही मोजावी लागली. त्या मुलीने जे बोलून दाखवलं होतं त्यावर गावाने उत्तर दिलं नाही, पताकेच्या उंचीवर दिलं. तिचा मुद्दा इतिवृत्तात एका ओळीनेही आला नाही.

परवानगी आणि खांब

इमारत जिल्हा परिषदेची. लेखी अर्ज दिला, उत्तर आलं नाही. तोंडी सांगितलं गेलं की अंगणात करा, इमारत उघडू नका, जबाबदारी तुमची. कायद्याची धास्ती दोघा-तिघांना होती. ती ध्वजसंहिता वाचूनच गेली. २६ जानेवारी २००२ पासून लागू असलेल्या या संहितेनुसार कोणताही नागरिक किंवा खासगी संस्था सन्मानाने तिरंगा लावू शकते. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर विणलेलं आणि पॉलिएस्टरचं कापडही चालतं. पंचायतीकडून घरोघरी आलेले झेंडे पॉलिएस्टरचे आणि छोटे होते. चौथऱ्यासाठी तालुक्याहून खादीचा तीन फूट बाय दोन फूट झेंडा आणला.

खांबावर चढलेल्या पोराने वरून ओरडून सांगितलं की कप्पी फिरतच नाही. खाऱ्या वाऱ्याने ती आतून गंजून घट्ट बसली होती आणि दोरही कुजला होता. दोन दिवस लोक रॉकेल आणि ग्रीस घालत बसले. शेवटी एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, आपल्या होडीवरची सुटी कप्पी आणि नायलॉनचा दोर आणून दिला. दोर झेंड्याच्या मानाने जाड होता, त्यामुळे पाकळ्या ठेवून बांधलेली घडी वर जाऊन सुटत नव्हती. त्याने सरगाठ मारायची वेगळी पद्धत दाखवली: एक झटका बसला की पूर्ण मोकळी होणारी. तिची तालीम झेंड्याऐवजी एका जुन्या टॉवेलवर झाली, कारण खरा झेंडा ओल्या जमिनीला लागता कामा नये.

घडी कशी घालायची हे मात्र एकट्या पोषण आहाराच्या काकींना येत होतं. शाळेचा झेंडा वर्षानुवर्षं त्याच धुऊन, इस्त्री करून ठेवत. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे घ्यायचा, मग दोन्ही बाजू आत दुमडायच्या, म्हणजे वर अशोकचक्र दिसतं. त्यांनी तीन मुलींना बसवून शिकवलं.

वेळेचा निर्णय

राज्याचा मुख्य समारंभ सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी असतो आणि ८.३५ ते ९.३५ या वेळेत दुसरा कार्यक्रम ठेवू नये असं शासनाचं परिपत्रक सांगतं. मुलांना साडेसातला नव्या शाळेत हजर राहायचं होतं. म्हणजे एक तर पावणेसातला उरकायचं, नाहीतर ९.३५ नंतर. मुंबईहून येणाऱ्यांना दहा वाजता सोयीचं होतं. पण दुसऱ्या दिवशी अमावास्या होती, दुपारी बाराच्या सुमारास उधाणाची भरती. दहाचा कार्यक्रम धरला असता तर मुलं मुकली असती आणि पलीकडे ग्रामसभेला जाणाऱ्यांची वाटही बुडाली असती. पावणेसात ठरलं. यावर वाद झाला नाही. भरती-ओहोटीशी कोणी वाद घालत नाही.

अधिक श्रावणामुळे त्या वर्षी नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला होती. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली होती आणि यांत्रिक नौका बाहेर पडल्या होत्या, पण पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी न लोटणारी घरं अजून किनाऱ्यावरच होती. म्हणून कोळीवाड्यातले पुरुष त्या सकाळी हजर राहू शकले. असं दर वर्षी जमणार नाही.

माणसाचा निर्णय

दोरी कोणी ओढायची यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. सरपंच आणि ग्रामसेवक येऊ शकत नव्हते. 'मेरी माटी मेरा देश' या सरकारी मोहिमेचा शिलाफलक आणि पंचायतीचं ध्वजारोहण त्याच सकाळी होतं. मुंबई मंडळातल्या एका देणगीदारांनी आपल्या वडिलांचं नाव सुचवलं. सोसायटीच्या चेअरमनचं नाव आलं. कोणी म्हणालं, वस्तीवार पाळी लावा, दर वर्षी एक वस्ती.

पाळीची सूचना न्यायाची वाटत होती आणि बहुतेकांना पटलीही. तरुण मुलांनी ती हाणून पाडली, आणि ते बरोबर होते असं माझं आजही मत आहे. पाळी लावली की प्रत्येक वस्ती आपल्या वर्षी आपला मानकरी शोधणार आणि पाच वर्षांत पालखीचीच रीत झेंड्याला लागणार. त्यांनी सुचवलं: या शाळेत शिकलेला, त्या सकाळी हजर असलेला कोणीही. नावांच्या चिठ्ठ्या, आणि सगळ्यात लहान मुलाने उचलायची. देणगीदारांनी फोनवर थोडा वेळ घेतला आणि मग म्हणाले, "माझ्या वडिलांची पण चिठ्ठी टाका. शिकलेत ते तिथे तिसरीपर्यंत."

प्रत्यक्ष दिवस

पहाटे सर आली आणि साडेसहाला उघडली. अंगणात फक्की मारली होती ती वाहून गेली होती, म्हणून पोरांनी शंखशिंपल्यांनी रेघ आखली. आदल्या वर्षापेक्षा गर्दी जास्त होती. जेट्टीवरचे दोन नेपाळी खलाशीही येऊन मागे उभे राहिले.

चिठ्ठी निघाली ती कोळीवाड्यातल्या एका मावशींची. माहेर आणि सासर दोन्ही याच गावात, तिसरीतून शाळा सुटलेली, बाजारात पापलेट विकणाऱ्या. "अगो बाय, मी कशाला, सरपंचांना बोलवा," असं म्हणत त्या मागे सरकल्या. त्यांच्या सुनेने त्यांच्या हातातली टोपली काढून घेतली. तांडेलाने फक्त एवढंच सांगितलं, "मावशी, जाळं ओढता तसा ओढा, मग एक झटका." गाठ सुटली, पाकळ्या पडल्या.

स्पीकर नव्हता. राष्ट्रगीत नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत सुरू झालं, पण सगळे म्हणत होते, कारण कोणाचा आवाज झाकायला यंत्र नव्हतं. त्याच वर्षी राज्यगीत झालेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' दुसऱ्या कडव्यात फिसकटलं. सातवीतल्या मुलीने संविधानाची उद्देशिका वाचली. भाषण ठेवलं नव्हतं. जिलेबी, मुलांची निघायची घाई, आणि सव्वासातला अंगण रिकामं.

कोणी आधी ठरवलं नव्हतं ते पुढे घडलं. माणसं धुतलेल्या कपड्यांत एकत्र जमलेलीच होती. त्यातले बरेच जण भरतीच्या आधी सांकव ओलांडून ग्रामसभेला गेले. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यातली कमी असेल ती संख्या. आमच्याकडे ती बहुधा भरत नाही आणि सभा तहकूब होते. त्या दिवशी भरली. बंद शाळेची इमारत अंगणवाडी आणि वाचनालयासाठी मिळावी हा ठराव आमच्या वस्त्यांनी मांडला आणि मंजूर करून घेतला. मुलं कमी झाली म्हणून शाळा गेली तेव्हा याच लोकांनी ग्रामसभेत तोंड उघडलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

चिठ्ठीच्या नियमात मोठी खोट होती, आणि ती चिठ्ठ्या लिहितानाच उघड झाली. 'या शाळेत शिकलेला' म्हटल्यावर गावात लग्न होऊन आलेल्या जवळजवळ सगळ्या बायका बाद झाल्या. इथे शिकलेल्या मुली दुसऱ्या गावी नांदतात. ज्या काकींनी झेंडा सांभाळला, ज्यांनी घडी घातली, त्यांचंच नाव डब्यात नव्हतं. कोणाला तसं करायचं नव्हतं; नियम पुरुषांच्या बैठकीत घाईने झाला. २०२४ मध्ये तो बदलला: गावात राहणारा कोणीही प्रौढ नागरिक. त्या वर्षी एका रिक्षावाल्याचं नाव निघालं. काकींचं अजून निघालेलं नाही. त्यांना मुद्दाम एक वर्ष द्यावं असं सुचलं होतं. त्यांनीच नको म्हटलं. एकदा मुद्दाम दिलं की पुढच्या वर्षी दुसरा मागायला येईल.

दुसरी गोष्ट, शाळा बंद होण्याचं पत्र आलं तेव्हाच अंगण, चौथरा आणि किल्ली यांबद्दल लेखी मागणी करायला हवी होती. हस्तांतर झाल्यावर प्रत्येक कागद खालून वर जातो. डेडस्टॉकमधला जुना झेंडा परत मागायचं कोणाला वेळेत सुचलं असतं तर तोही मिळाला असता.

तिसरी, देवळाच्या जागेवर मोकळेपणाने बोलणं व्हायला हवं होतं. त्या मुलीचं म्हणणं खरं आहे की नाही, एवढा एकच प्रश्न घेऊन अर्धा तास बसलो असतो तर २०२४ ला मंडळाकडून देवळाचा प्रस्ताव पुन्हा आला नसता. तो आला, आणि पुन्हा पताकेच्या उंचीवरच परतवला गेला. शेजारच्या तालुक्यात देवळाला पताका नसली तर ही युक्ती चालणार नाही, हे वाचणाऱ्या गावांनी लक्षात ठेवावं.

सद्यःस्थिती

ठरावावर जिल्हा परिषदेचा अंतिम निर्णय झालेला नाही. अंगण वापरायला लेखी परवानगी मिळाली आहे, इमारतीला नाही. पडवीच्या वाशांना वाळवी लागली आहे आणि वादळानंतर बसवलेली कौलं सरकली आहेत. कौलं चढवायला विश्वस्तांची पोरं आणि मोहल्ल्यातला एक सुतार तयार आहे. परवानगीशिवाय छपराला हात लावायचा नाही असं ठरलं आहे. येत्या ग्रामसभेत छपराच्या दुरुस्तीपुरती परवानगी वेगळी मागणार आहोत, कारण आणखी एक पावसाळा त्या भिंती काढतील असं सुताराला वाटत नाही.